नसलेली खुर्ची

“आज्जी, पुढं येऊ नको, खुर्चीला धडकशील! म्हणजे... धडकणार नाहीस, पण येऊ नको!”

मी होते तिथंच थांबले. गोडाऊनच्या मधोमध फरशी झाडून लख्ख केलेली, तिच्यावर तांबड्या चिकटपट्टीचा एक चौकोन, आणि चौकोनापासून चार हातांवर माझी नात अशू डोळ्यांसमोर फोन धरून उभी. खुर्ची कुठंच नव्हती.

“कुठाय खुर्ची?”

“तुझ्या गुडघ्याला खेटून.”

मी गुडघ्याकडं बघितलं, मग सुंदराकडं बघितलं. “शिकून शिकून पोरीचे डोळे गेले वाटतं.” सुंदरा माझी धाकटी जाऊ. मी हसले की ती हसते. ती हसली.

अशूनं फोन माझ्यापुढं धरला. काचेत आमचंच गोडाऊन, आमचीच फरशी, माझेच दोन पाय, आणि पायांना खेटून लाल गादीची, सोनेरी हातांची एक रुबाबदार खुर्ची. फोन खाली केला की फरशी मोकळी. वर केला की खुर्ची हजर. मी फोनच्या आडून हात घालून चाचपलं. हाताला नुसती हवा लागली.

“नसलेली खुर्ची मांडायला पुण्याहून बार्शीला आलीस? असलेल्या आठशे तिकडं थप्पीला लावल्यात, त्या मांड की.”

अशू हसली, पण तिचं हसू ओठापर्यंतच आलं. ते मला तेव्हाच खटकलं.

ही सात-आठ वर्षांमागची गोष्ट. आमचा धंदा मंडपाचा. नवरा गेला तेव्हा घरात चार वासे, दोन कनाती आणि एक हातगाडी होती, बाकीचं सगळं मी उभं केलं. शाळेचं म्हणाल तर दुसरीत मास्तरांनी हातावर छडी मारली, मी छडी मोडली, तिथंच शिक्षण संपलं. पण रिकामं मैदान दाखवा, वासे किती लागतील ते मी उभ्या उभ्या सांगते. आजवर एक वासा कमी पडला नाही आणि एक उरला नाही. बार्शीत हिंगमिऱ्यांच्या चंपाआक्काचा शब्द म्हणजे शब्द. मी असं म्हणत नाही, लोक म्हणतात. मी फक्त त्यांना अडवत नाही.

अशू, म्हणजे अश्लेषा, माझ्या थोरल्याची मुलगी. पुण्यात तिच्या शिक्षणाचं शेवटचं वर्ष होतं. तिनं मला समोर बसवून समजावलं ते असं. कपाटं, सोफे विकत घेण्याआधी ते आपल्या घरात कसे दिसतील हे फोनमध्ये दाखवणारी एक कंपनी होती. कंपनीच्या रीतीनं वस्तू सरकवायची तर काचेवर बोट ओढायचं, फिरवायची तर दोन बोटं फिरवायची. अशूनं वर्षभर खपून दुसरी रीत काढली होती. तिच्यात वस्तूवर अंगठा दाबून धरायचा आणि अख्खा फोनच हलवायचा. फोन जाईल तिकडं वस्तू जाईल, अंगठा उचलला की तिथंच बसेल.

“कंपनीच्या मॅडम म्हणाल्या, ज्यांनी जन्मात असलं काही केलेलं नाही अशी बारा माणसं गाठ. दोन्ही रीती त्यांच्या हातात दे. तुझी रीत आवडली असं त्यांनी स्वतः सांगितलं, कारणासकट सांगितलं, तर सोमवारी अकराला मला दाखव. तुझ्यासाठी जागा ठेवते.”

“आणि नाही आवडली तर?”

“तर रीत पण गेली आणि जागा पण गेली.”

“बाराच ना? पितरांचा पंधरवडा आहे, लग्नं नाहीत. पलीकडं बायका झालरी शिवत बसल्यात. एक हाक मारते.”

“आज्जी, पण त्यांना खरंच काय आवडतं ते कळायला हवं हं.”

“मग दुसरं काय सांगतील? खातात माझ्या घरी, खोटं बोलतील होय?”

त्या शनिवारी दुपारी दहा बायका, सुंदरा आणि मी अशा बारा जणी जमलो. पहिलीच अडचण खुर्चीची निघाली. तुळसा आमच्याकडं पंचवीस वर्षं कामाला. तिनं काचेत डोकावलं आणि पदर आवळून मागं सरली.

“ही तर नवरदेवाची खुर्ची. पितरांत मांडायची न्हाई.”

“अहो मावशी, खरी नाहीय ती,” अशू म्हणाली.

“खरी न्हाई तर सावली कशी पडलीय?”

खरंच, खुर्चीखाली फरशीवर सावली होती. अशूचा चेहरा पडला. ती सावली करायला तिला महिना लागला होता. बाकीच्या बायका पण कुजबुजायला लागल्या. एकटी जैनबी म्हणाली, “आम्हाला पितर नाहीत, मी मांडते,” तर तुळसा म्हणाली, “तुला नसतील, खुर्चीला हायेत.”

मी मधे पडले. “अशे, दुसरी खुर्ची आहे का तुझ्या फोनात? साधी?”

“प्लास्टिकची आहे.”

“ती काढ. प्लास्टिकच्या खुर्चीला पितर काही म्हणत नाहीत. तेराव्याला आपण त्याच नेतो.”

मिटलं. निळी प्लास्टिकची खुर्ची आली. ती उचलून तांबड्या चौकोनात मांडायची, तोंड दाराकडं करून. एकदा बोटानं, एकदा फोन हलवून. मग कुठली रीत आवडली आणि का, ते सांगायचं.

“पहिली मी,” मी म्हटलं. माझ्या गोडाऊनात पहिली दुसरं कोण असणार?

मी गुंडाळलेल्या कनातीवर बसले, फोन गुडघ्याला टेकवला आणि बोटानं खुर्ची सरकवली. थोडी थोडी, टिचक्या मारल्यासारखी. वेळ लागला, पण बसली. मग अशू म्हणाली, “आता उभी राहा, आज्जी. अंगठा दाब आणि फोन घेऊन चौकोनाकडं चल.”

मी उभी राहिले. अंगठा दाबला, खुर्ची उचलली, चार पावलं गेले, सोडली. फोन लगेच तिच्या हातात दिला.

“बास. बोटाचंच खरं. फोन घेऊन गोडाऊनभर नाचायचं म्हणजे खुळचटपणा.”

हे मी हळू बोलले नाही. मला हळू बोलता येत नाही.

“कारण काय लिहू?”

“आवडलं नाही, हेच कारण. आवडीला कारण लागतं होय?”

अशूनं खाली मान घालून लिहिलं. मग एकेकीची पाळी सुरू झाली आणि मी पंचासारखी कनातीवर बसून राहिले. सुतळी ओढून ओढून आमच्या बायकांच्या बोटांची कातडी चामड्यासारखी झालेली. काचेला त्यांचं बोट कळेचना. तुळसा तव्यावरची भाकरी भाजली का बघावं तशी काचेला टोचत होती आणि खुर्ची जागची हलत नव्हती. दोन बोटं फिरवायची वेळ आली की खुर्ची कोलांटी खायची. फोन हलवायला दिला तेव्हा मात्र गंमत झाली. जैनबीनं एका दमात खुर्ची नेऊन चौकोनात अशी बसवली की चारी पाय पट्टीच्या आत. सुंदरानं दोन्ही हातांत फोन धरून सुपासारखा अलगद कलवला, वळवला, ठेवला. तिच्या ओठांवर बारीक हसू आलं.

“सुंदराआज्जी, कुठलं आवडलं?”

सुंदरानं माझ्याकडं बघितलं. “आक्का म्हणतात तेच.”

“त्यांचं नाही, तुमचं.”

“माझं काय, मला काहीही चालतं. बोटानं लिही.”

तुळसा म्हणाली, बोटानं. जैनबी म्हणाली, बोटानंच की. बारा जणींत बारा बोटं झाली. मी अशूला म्हटलं, “बघ, एकमत आहे आपल्या गोडाऊनात.” तिनं कागद गोळा केले.

चहाच्या वेळी ती लॅपटॉप घेऊन माझ्यासमोर येऊन बसली.

“आज्जी, हा फोन सगळं मोजतो. कुणाला किती वेळ लागला, खुर्ची किती चुकली, सगळं. तुळसामावशींना बोटानं सव्वातीन मिनिटं लागली. फोन हलवून वीस सेकंद. जैनबीमावशींना अकरा. आणि सांगतात काय, तर बोट आवडलं! हात एक सांगतो आणि तोंड दुसरंच.”

“मग हात धर की, तोंड सोड.”

“मॅडमना तोंडच हवंय. माणसाला काय आवडतं, तेच विचारलंय त्यांनी. हा कागद दाखवला तर सोमवारी अकरा वाजून पाच मिनिटांनी मी घरी.” तिनं डोळे पुसले. “तू मोठ्यानं का बोललीस? तू बोट म्हटलंस म्हणून सगळ्या बोट म्हणाल्या.”

“मला आवडलं ते मी बोलले. त्यांना तोंडं नाहीत का?”

“आहेत. तुझ्यासमोर उघडत नाहीत.”

माझ्या घरात मला असं कुणी बोललं नव्हतं. मी अर्धाच भरलेला कप खाली ठेवला. “जीभ आवर, अशे. या बायकांच्या चुली मी पेटत्या ठेवल्यात.”

“म्हणून तर,” ती म्हणाली. मग लॅपटॉप माझ्याकडं वळवून तिनं एक रेघ दाखवली. “आणि तुझ्या वेळी फोन बिघडला होता बहुतेक. बाकी सगळ्यांच्या रेघा कशा सरळ आहेत बघ. तुझी तेवढी करवतीसारखी.”

मी रेघ बघितली. “बिघडला असेल,” म्हटलं आणि उठले.

“उद्या परत घेणार आहे मी सगळ्यांचं. आणि तू आत यायचं नाहीस.”

“माझ्या गोडाऊनात?”

“तुझ्या गोडाऊनात.”

रविवारी सकाळी मी बाहेर बसले, वाशांच्या ढिगावर. साठी उलटलेली बाई, बारा माणसांची मालकीण, आणि स्वतःच्याच दाराबाहेर. रस्त्यानं जाणारा भुसारवाला म्हणाला, “आक्का, आज बाहेर?” मी म्हटलं, “ऊन खातेय, तुझ्या बापाचं काय जातंय?” पत्र्याच्या भिंतीला कान लावायची गरज नव्हती. आतलं सगळं बाहेर ऐकू येतं.

“आज आज्जी नाहीये,” अशू सांगत होती. “मोकळं बोला. तुळसामावशी, कुठलं आवडलं?”

“बोटानं.”

“मावशी, तुम्हाला बोटानं तीन मिनिटं लागली काल!”

“लागू दे की. मला कुठं गाडी पकडायचीय?”

“जैनबीमावशी?”

“आक्का काय म्हणाल्या होत्या?”

“त्या नाहीत इथं!”

“नाहीत, पण बाहेर हायेत की. अन् उद्या आत येणारच. कागदावर लिहिलेलं राहतं बाई. मी हलवून म्हटलं अन् त्यांना खुळचटपणा वाटतो, म्हणजे मी त्यांना खुळी म्हटल्यागत होतंय.”

मग सुंदराचा आवाज, “अशू, तू तुझ्या मनानं लिही ना काय हवं ते. आम्ही अंगठा देतो.”

“असं नाही चालत!” अशूचा आवाज फाटला. पाठोपाठ काहीतरी आपटल्याचा आवाज आला.

मला वाटलं होतं, मी उठून गेले की झालं. आपण उठून गेलो तरी आपण तिथंच बसलेलो असतो, हे मला वाशांच्या ढिगावर बसून कळलं. पोरीचं वर्ष, पोरीची जागा, सगळं माझ्या एका खुळचट शब्दाखाली दबलं होतं. आणि तो शब्द खरा असता तर मी मागं घेतला नसता, सोन्यानं मढवलं असतं तरी. तो खरा नव्हता.

मी आत गेले. सगळ्या उभ्या राहिल्या.

“बसा. अशे, फोन दे.”

“आज्जी, तू बाहेर...”

“दे म्हणते ना. आणि यात दिसतं ते त्या मोठ्या पडद्यावर दाखवता येतं का? सगळ्यांना?”

तिनं फोनाची वायर लॅपटॉपला जोडली. पडद्यावर आमची फरशी आली, निळी खुर्ची आली. मी उभी राहिले, दोन्ही हातांत फोन धरला, अंगठा दाबला आणि खुर्ची उचलली.

खुर्ची थरथरायला लागली. थंडीतापानं भरलेल्या माणसासारखी. मी चौकोनाकडं निघाले तशी तिचे चारी पाय वेगवेगळे नाचायला लागले. दात आवळून मी ती चौकोनावर नेली, आणि सोडायच्या क्षणी हातानं झटका खाल्ला. खुर्ची पट्टीबाहेर वीतभर जाऊन बसली.

“बघितली? फोन बिघडलेला नाही, अशे. तुझी आज्जी बिघडलीय. हात असा धरला की थरथरतो. दोन वर्षं झाली. भरल्या कपातनं मी चहा पीत नाही, सही करायची तर माणसं गेल्यावर करते. काल खुर्ची नाचली, तुम्ही बघायच्या आत मी फोन परत दिला आणि वरनं रीतीला नाव ठेवलं. बोट टेकवायचं आणि उचलायचं, त्यात थरथरायला जागा नाही, म्हणून बोट. हे माझं कारण, लिही. हे माझंच कारण आहे. तुमचं नाही. तुमचे हात धडधाकट आहेत, माझ्या हातानं कशाला बोलता?”

तुळसानं घसा खाकरला.

“आक्का, ते ठाऊक हाय आम्हाला.”

“काय ठाऊक आहे?”

“हाताचं. तुम्ही वाशाला गाठ मारून पुढं गेल्या की आम्ही ती मागनं परत मारतो. मी नसले तर जैनबी मारते.”

“दोन वर्षं?”

“अडीच,” जैनबी म्हणाली. “त्या वकिलाच्या पोरीच्या लग्नापासनं. कनात सुटून वरमाईच्या डोक्यावर आली होती बघा.”

“ती वाऱ्यानं सुटली होती!”

“वारा नव्हता, आक्का.”

माझ्या कानशिलांतून वाफा निघाल्या. अडीच वर्षं मी या बायकांना गाठ कशी मारावी यावरून झाडत होते आणि अडीच वर्षं या माझ्या गाठी सोडून परत बांधत होत्या. “आणि एकीनंही सांगितलं नाही?”

“सांगितलं असतं तर तुम्ही कामावरनं काढलं असतं,” तुळसा म्हणाली.

मी विचार केला. “काढलंच असतं,” मी म्हटलं. खोटं कशाला बोलू?

पहिली जैनबी हसली. तोंडाला पदर लावून, खांदे हलवत. मग तुळसा, मग सगळ्याच. आणि मी हसायच्या आधी सुंदरा हसली. हे मी बघितलं.

“हलवून,” सुंदरा म्हणाली.

“काय?”

“लिही गं अशू. मला हलवून आवडलं. सूप धरल्यागत वाटतं, मन लावलं की वस्तू ऐकते. काचेवर बोट ओढताना कुणाच्या तरी पाठीवर लिहितेय असं वाटतं. आणि आक्का, शेपूची भाजी मला आवडत नाही.”

“शेपू मधेच कुठनं आली?”

“आवड विचारली म्हणून सांगितलं. अडतीस वर्षं झाली.”

त्यानंतर अशूला लिहायला हात पुरेनात. तुळसा म्हणाली, हलवून, कारण माझं बोट काचेला माणसाचं वाटत नाही. जैनबी म्हणाली, हलवून, खुर्ची नेताना आपण पण तिच्याबरोबर जातो म्हणून अंदाज चुकत नाही. एकीनं सांगितलं, मला बोटच बरं, माझे गुडघे दुखतात, बसल्या जागी होतं. दुसरी म्हणाली, मला पण बोटच, आणि आक्का म्हणाल्या म्हणून नाही, मला ती खुर्ची अंगावर येईल असं वाटतं. तावातावानं भांडल्या. चुकीचं कोण यावरून दोघींनी एकमेकींच्या माहेरचा उद्धार केला. वीस वर्षांत माझ्या गोडाऊनात इतका गलका झाला नव्हता. आणि मला तो बंद करावासा वाटला नाही, याचं मलाच नवल वाटलं.

शेवटी आठ जणी हलवून, तीन बोटानं, आणि मी.

“माझं बदल,” मी अशूला बाजूला घेऊन सांगितलं. “हलवून लिही. नऊ होतील.”

“तुला आवडलं का हलवून?”

“तुझी नोकरी आहे त्यात!”

“तुला आवडलं का?”

“नाही.”

“मग नाही,” ती म्हणाली. माझीच नात. मी काय करणार?

सोमवारी सकाळच्या गाडीनं ती पुण्याला जायची होती, पण रविवारचे कागद लावता लावता मध्यरात्र झाली, म्हणून तिनं मॅडमना निरोप धाडला की लॅपटॉपवरूनच बोलते. गोडाऊनच्या दारात फोनाला रेंज बरी येते, म्हणून तिथं टेबल मांडलं. अकराला पडद्यावर मॅडम आल्या. केस कापलेल्या, चष्मा, हसत नव्हत्या. एवढं बघून मी लॅपटॉपच्या पाठीमागं जाऊन बसले. आता मला त्या दिसत नव्हत्या, ऐकू येत होत्या. अशूनं मला तोंडातून ब्र काढायचा नाही अशी शपथ घातली होती. बायका झालरी पुढ्यात घेऊन बसल्या होत्या, पण सुई एकीचीही चालत नव्हती.

“शनिवारी बारापैकी बारा बोट म्हणाल्या आणि रविवारी आठ बदलल्या,” मॅडम म्हणाल्या. “हे कसं काय?”

अशूनं काही लपवलं नाही. दोन्ही दिवसांचे कागद दाखवले, पहिल्या दिवशी त्या खरं का बोलल्या नाहीत तेही सांगितलं. माझं नाव घेतलं नाही, क्रमांक एक म्हणाली.

“हं. कारणं उत्तम आहेत. पाठीवर लिहिल्यासारखं वाटतं, हे तर मी कधी ऐकलं नव्हतं.” पलीकडं बटणं टिकटिकली. “एकच भानगड आहे. क्रमांक एकची ही रेघ. फोनचा दोष दिसतो. असं कर, क्रमांक एक काढून टाक. अकरांत आठ, स्वच्छ निकाल. मी आत्ताच्या आत्ता वर पाठवते.”

मी अशूच्या समोरच बसले होते. मी दोन्ही हातांनी खुणा केल्या, काढ! काढ मला! मुळापासून काढ! तिनं माझ्याकडं बघितलं, माझ्या हवेत थरथरणाऱ्या हातांकडं बघितलं, आणि मग पडद्याकडं.

“नाही मॅडम. फोन नीट होता. त्या बाईंचा हात तसा आहे.”

“म्हणजे तुझी रीत त्यांच्या हातात नापास.”

“हो.”

“आणि हे तू मला स्वतःहून सांगतेस?”

“हो मॅडम. त्यांच्यासारखे खूप हात असतील. त्यांना काढून टाकलं तर रीत पास होईल, पण त्यांच्या घरात कपाट नाचेल.”

पलीकडून पेनाची टकटक ऐकू यायला लागली. अशूच्या कपाळावर घाम आला होता. शपथ वगैरे माझ्याच्यानं पाळवली नाही. मी उठले, टेबलाला वळसा घातला आणि त्या बाईंच्या समोर जाऊन उभी राहिले.

“नमस्कार. क्रमांक एक मी. चंपावती हिंगमिरे.”

“आज्जी!”

“थांब गं. बाई, पोरीनं रीत चांगली काढलीय. माझ्या बायकांनी बिनचूक खुर्च्या मांडल्या. नापास झाला तो माझा हात. त्याचा राग पोरीवर काढू नका.”

मॅडमनी चष्मा काढला. आता त्या मला नीट बघत होत्या. “राग नाही, आजी. तुम्हाला एक विचारू? बोटाची रीत तरी आवडली का तुम्हाला? खरंखरं?”

“छे! कोंबडीनं दाणे टिपल्यासारखं वाटतं.”

“मग तुम्हाला कसं हवं?”

आयुष्यभर लोक मला विचारत आले, आक्का, वासे किती, आक्का, कनात कुठली, आक्का, मुहूर्ताला उभं होईल का. मला कसं हवं, असं कुणी विचारलं नव्हतं, कारण मी कुणी विचारेपर्यंत थांबलेच नव्हते. मी जरा थांबले.

“फोनच हलवायचा,” मी म्हटलं. “चालत जायचं, आपल्या हातानं न्यायची, आपल्या हातानं ठेवायची. पण माझा हात थरथरला म्हणून खुर्चीनं थरथरायचं नाही. मला कुठं जायचंय ते तिनं ओळखावं आणि मधली थरथर पोटात घालावी. चांगल्या माणसांना कळतं तेवढं. तुमच्या खुर्चीला शिकवा.”

मॅडम काहीतरी लिहीत होत्या. “परत सांगा,” त्या म्हणाल्या. मी परत सांगितलं, तसंच्या तसं.

“अश्लेषा, जमेल हे?”

“माहीत नाही मॅडम,” अशू म्हणाली. “महिना तरी लागेल.”

“मग तो महिना इथं येऊन लाव. एक तारखेपासून. जागा ठेवलीय तुझी.”

मागं तुळसानं झालर टाकून जैनबीला मिठी मारली. मी लॅपटॉपवर वाकले.

“येईल ती. आणि बाई, खुर्ची तयार झाली की आधी बार्शीला पाठवा. माझ्या हातात ठरली, तर जगात कुणाच्याही हातात ठरेल.”